अंड्यावर बसवलेली कोंबडी: तिचा खुराक, तिचं पाणी आणि तिच्या अंगावरच्या उवा-पिसवा

खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसू पाहणारी कोंबडी बसवली की सगळ्यांचं लक्ष अंड्यांकडे लागतं. किती फळली, किती वांझ निघाली, पिल्लं कधी फुटणार याचीच चर्चा. कोंबडी मात्र 'बसलीय की ती आपली' म्हणून कोपऱ्यात राहून जाते. तीन आठवड्यांनी दहा पिल्लं बाहेर येतात तेव्हा आईच्या अंगावर मांस उरलेलं नसतं, आणि पुढचे दोन-तीन महिने ती पुन्हा अंडी घालत नाही. कधी ती पंधराव्या-सोळाव्या दिवशीच अंडी सोडून उठते आणि दोष तिच्या स्वभावाला दिला जातो. बहुतेक वेळा कारण स्वभावात नसतं. एक तर ती बसतानाच अशक्त होती, नाहीतर रात्रभर तिला पिसवा खात होत्या.

कोंबडी खुडूक होते तेव्हा तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. अंडी घालणं थांबतं, अंडाशय आकसतो, तुरा लहान आणि फिका पडतो, छातीवरची पिसं गळतात किंवा ती स्वतःच उपटते, म्हणजे अंड्यांना थेट कातडीची ऊब मिळते. आणि भूक मंदावते. मोकळी गावरान कोंबडी दिवसाला ७० ते १०० ग्रॅम खाते. तीच खुडूक झाली की २० ते ४० ग्रॅमवर येते. समोर ताट भरून ठेवलं तरी ती पोटभर खात नाही, कारण तिला तशी भूकच लागत नाही. २१ दिवसांत तिचं वजन साधारण १० ते २० टक्के घटतं. धडधाकट कोंबडी ही घट अंगातल्या चरबीवर भागवते. पण आपल्याकडची परसातली कोंबडी उकिरडा उकरून पोट भरते, लागोपाठ बारा-पंधरा अंडी घालते आणि त्यानंतर लगेच खुडूक होते. तिच्या अंगात चरबी येणार कुठून? तिच्या तब्येतीचा निम्मा निकाल ती बसण्याआधीच लागलेला असतो.

म्हणून आधी दोन-तीन दिवस तिला खऱ्या अंड्यांवर बसवू नका. प्लास्टिकची किंवा लाकडाची दोन-तीन अंडी ठेवा, नसतील तर खूण केलेली जुनी अंडी ठेवा. रात्रीसुद्धा ती बसून राहते का, हात नेला की पिसं फुगवून गुरगुरते का ते बघा. याच दोन-तीन दिवसांत तपासणीची आणि औषधाची सगळी कामं उरकायची. एकदा खरी अंडी खाली गेली की तिला फार हाताळता येत नाही.

पहिलं काम वजनाचं. कापडी पिशवीत घालून हुकाच्या काट्याला अडकवा आणि आकडा लिहून ठेवा. मग ती उचलून छातीच्या मधल्या हाडावरून दोन बोटं फिरवा. हाडाच्या दोन्ही बाजूंना भरीव मांस लागलं पाहिजे. हाड धारेसारखं बोटाला टोचत असेल तर ती कितीही घट्ट बसलेली असो, या खेपेला तिला बसवू नका. तिचा खुडूकपणा मोडून तिला आधी खाऊपिऊ घाला. अंडी दुसरीखाली जातील. गावरान कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची असते. त्या मापाच्या कोंबडीखाली तिच्याच जातीची १० ते १२ अंडी पुरेत. वनराज-गिरिराजसारख्या सुधारित जातीची मोठी अंडी असतील तर ९-१० वर थांबा. जास्तीची अंडी कडेला उघडी पडतात, कोंबडी दिवसभर ती आत ओढत बसते आणि तिला निवांतपणा मिळत नाही.

जंताचं औषध द्यायचं तर तेही याच वेळी. तिची अंडी थांबलेली असतात, त्यामुळे औषधाचा अंश उबवायच्या अंड्यांत उतरायची भीती नसते. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध अंड्यातल्या गर्भाला घातक ठरू शकतं. ज्या कोंबड्यांची अंडी उबवायला साठवताय त्यांना अशा काळात ते देऊ नये. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लस मात्र आता नको. ती बसवण्याच्या किमान तीन आठवडे आधी दिलेली असावी. आईला लस मिळालेली असेल तर अंड्यातून पिल्लांनाही सुरुवातीचे काही दिवस थोडं संरक्षण मिळतं. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ती आणण्यापेक्षा आळीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी टोचून घेतलं तर लसही वाया जात नाही आणि रोगही आजूबाजूला रेंगाळत नाही.

अंगावरची जनावरं

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि बसलेल्या कोंबड्या यानेही मरतात. मोकळी कोंबडी दिवसातून एक-दोनदा धुळीत लोळते, चोचीने पिसं साफ करते. त्यात उवा-पिसवांची संख्या आटोक्यात राहते. बसलेली कोंबडी एका जागी, उबदार अंधारात २३ तासांहून जास्त असते. उवा-पिसवांना याहून चांगली जागा मिळणार नाही.

दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण दोघांवरचा उपाय वेगळा आहे. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखालची, गुदद्वाराभोवतीची पिसं उलटी करून उजेडात धरा. गव्हाळ रंगाचे चपटे किडे भराभर पळताना दिसतील आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके चिकटलेले असतील. पंखाखाली आणि मानेवरही बघा. दुसरा प्रकार लाल पिसवांचा (रेड माइट). या दिवसा अंगावर सापडतच नाहीत. खुराड्याच्या फळ्यांच्या सांध्यात, टोपलीच्या विणीत, मातीच्या भिंतीच्या भेगांत दडून बसतात आणि अंधार पडला की रक्त प्यायला बाहेर येतात. दिवसा कोंबडी तपासून 'काही नाही' म्हणणारे इथेच फसतात. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जा आणि टोपलीच्या कडेवरून पांढरा कागद किंवा कापड घासा. कागदावर लाल रेघा उमटल्या तर त्या रक्त प्यालेल्या पिसवा आहेत. उन्हाळ्यात यांची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते. २१ दिवसांत दोन ते तीन पिढ्या. पहिल्या दिवशी चार-पाच असलेल्या पिसवा पिल्लं फुटायच्या वेळी कितीतरी पटींनी वाढलेल्या असतात. आईला रक्तक्षय झालेला असतो आणि अंगावर नुसती लव असलेली दोन दिवसांची पिल्लं तर एका रात्रीत मान टाकतात. जुन्या मातीच्या भिंती असतील तिथे गोचीडही असते. तीही रात्रीच चावते, आणि तिच्या चाव्यातून कोंबड्यांना ताप आणणारा स्पायरोकीट नावाच्या जंतूंचा रोग पसरतो.

जुना पेंढा जाळून टाका. टोपली किंवा खोकं दोन दिवस कडक उन्हात ठेवा. फळ्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, वाळू द्या आणि मग भिंतीला चुना मारा. पिसवा फार असतील तर डेल्टामेथ्रिन असलेलं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून रिकाम्या खुराड्यात फवारा आणि पूर्ण वाळल्यावरच कोंबडी आत घ्या. कोंबडीच्या अंगासाठी पर्मेथ्रिनची भुकटी मिळते. ती पाठीवर, पंखाखाली आणि शेपटीखाली पिसांच्या बुडाशी चोळायची. छातीचा उघडा भाग वगळायचा, कारण तोच अंड्यांना टेकतो. लिखांवर भुकटी चालत नाही. त्या फुटून नव्या उवा निघतात, म्हणून दहाव्या दिवसाच्या आसपास दुसरा हात द्यावा लागतो. पंधराव्या दिवसानंतर भुकटी वापरू नका.

निरगुडी आणि सीताफळाचा पाला टोपलीत घालायची रीत चांगली आहे. दर पाच-सहा दिवसांनी ताजा पाला बदलला तर उपद्रव कमी राहतो. पण पिसवा भरलेल्या खुराड्यात नुसत्या पाल्याने भागत नाही. तंबाखूची पानं घालत असाल तर अठराव्या दिवसाआधी काढून टाका, पिल्लांनी टोचली तर त्यांना बाधतं. दोन गोष्टी अजिबात करू नका. एक म्हणजे कोंबडीच्या पोटाला निंबोळीचं किंवा कुठलंही तेल चोळणं. ते तेल अंड्यांवर उतरतं, टरफलाची छिद्रं बुजतात आणि गर्भ आत गुदमरतो. दुसरी, माळ्यावर उरलेली गॅमेक्सिनची जुनी पावडर. तिच्यावर बंदी आलेली आहे आणि ती कोंबडीच्या चरबीत साठून राहते.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे तिचं लोळणं. टोपलीपासून चार-पाच हातांवर एका जुन्या पाटीत बारीक कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख निम्मी-निम्मी मिसळून वीतभर थर करा. राख पूर्ण थंड आणि कोरडी हवी. ओली राख कातडी जाळते.

काय आणि किती

थोडंच खाणार आहे, तर ते थोडं सकस असलं पाहिजे. नुसता तांदूळ किंवा शिळा भात घालून बसलेल्या कोंबडीचं भागत नाही. भातात पाणीच जास्त, पोट भरल्यासारखं होतं आणि अंगी काही लागत नाही. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत आंबतो आणि हगवण लागते.

घरच्या घरी एक किलो मिश्रण असं करता येतं: भरडलेला मका ५०० ग्रॅम, ज्वारी २०० ग्रॅम, शेंगदाणा पेंड १५० ग्रॅम, तांदळाचा कोंडा ८० ग्रॅम, सुकटीची पूड ५० ग्रॅम आणि कोंबड्यांचं खनिज मिश्रण २० ग्रॅम. यात प्रथिनं साधारण १६ टक्के बसतात. ज्वारीऐवजी बाजरी चालेल. सुकट म्हणजे मिठाशिवाय वाळवलेली घ्या. खारवलेल्या मासळीतलं मीठ कोंबडीला झेपत नाही, तिला तहान-तहान होते आणि पातळ शी लागते. खारीच मिळत असेल तर दोनदा पाण्यात भिजवून, निथळून, उन्हात वाळवून मग कुटा. पेंड आणि मका घेताना वास घ्या. पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरते आणि तिच्यातलं अफलाटॉक्सिन यकृत खराब करतं. नुसतं ऊन दाखवल्याने ते विष जात नाही. हिरवट-काळे ठिपके किंवा कुबट वास असलेली पेंड फेकूनच द्यावी.

दाणे अख्खे किंवा जाडसर भरडलेले द्या, पाण्यात कालवू नका. अख्खा दाणा गळ्याखालच्या पिशवीत बराच वेळ राहतो, दिवसभर थोडा थोडा खाली उतरतो आणि शी घट्ट होते. कालवलेलं खाद्य लवकर पचतं, शी पातळ होते आणि टोपलीतच घाण होण्याचा संभव वाढतो. शेजारी वाटीभर जाडी वाळू किंवा बारीक खडी ठेवायची. एरवी ती उकरून खडे मिळवते, आता तिला तेवढा वेळ नसतो, आणि खड्यांशिवाय अख्खा दाणा दळला जात नाही. हिरवा पाला चिमूटभरच, शेवग्याची पानं, कोथिंबिरीचे देठ, लसूणघास, बारीक चिरून. मूठभर घातला तर पोट सुटतं. वाळवी मिळाली तर बोटभर घाला, ती कोंबडीला मनापासून आवडते आणि न खाणारी कोंबडीही तिच्यासाठी उठते.

विकतचं लेयर खाद्य मात्र या काळात नको. त्यात अंड्याच्या टरफलासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. ही अंडी घालत नाही, तिला त्याचा उपयोग नाही. आणि पुढे तेच खाद्य पिल्लांच्या तोंडी गेलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. तयार खाद्यच द्यायचं असेल तर ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं), नाहीतर पिल्लांचं स्टार्टर घ्या. शिंपल्याचा चुरा, कुटलेली टरफलं वगैरे नंतर, ती पुन्हा अंडी घालायला लागेल तेव्हा, वेगळ्या वाटीत.

रोज ६०-७० ग्रॅम मोजून ठेवा आणि ती बसल्यावर उरलेलं उचलून पुन्हा मोजा. २५ ते ४० ग्रॅम गेलं असेल तर ठीक. सलग दोन दिवस १५ ग्रॅमच्या आत राहिलं तर त्या दिवशी सुकट, वाळवी, भिजवून निथळलेले हरभऱ्याचे दाणे असं आवडीचं पुढे करा आणि अंगावर पिसवा आहेत का ते पुन्हा बघा. दहाव्या दिवशी वजन करा. दीड किलोच्या कोंबडीत शंभर-सव्वाशे ग्रॅमची घट चालेल, दोनशेच्या पुढे गेली तर तिला दिवसातून दोनदा उठवायला लागा.

पाणी स्वच्छ, पसरट आणि जड भांड्यात, कलंडणार नाही असं. आठवड्यातून दोन दिवस पाण्यात बी-कॉम्प्लेक्स जीवनसत्त्वाचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात चालतं. ती दिवसातून एकदाच पाण्यावर येते, म्हणून तिच्या त्या फेरीला पाणी तिथे असलंच पाहिजे. वाटी रिकामी असेल तर ती पाणी शोधत हिंडत नाही, तहानलेलीच परत जाऊन बसते.

तिला उठवणं

खाद्य टोपलीत ठेवू नका. दाणे अंड्यांत सांडतात, मुंग्या येतात, मुंग्यांमागोमाग उंदीर येतो, आणि ती उठत नाही म्हणून जागेवरच घाण करते. बांगलादेशात 'हाजोल' म्हणून मातीची बैठक करतात, तिच्या काठाला दाण्याची आणि पाण्याची अशा दोन वाट्या जोडलेल्या असतात. कोंबडीला बसल्या जागी थोडं थोडं खाता येतं, तिचं वजन कमी घटतं आणि पिल्लांनंतर ती लवकर अंडी घालायला लागते. आपल्याकडच्या कुंभारालाही असं भांडं सहज करता येईल आणि उन्हाळ्यासाठी ते फार उपयोगी आहे. पण ते वापरलं तरी कोंबडीला रोज एकदा बाहेर काढावंच लागतं.

बऱ्याच कोंबड्या आपणहून दिवसातून एकदा उठतात, १५-२० मिनिटांत खाऊन, पिऊन, शी करून, जमल्यास लोळून परत येतात. ज्या उठत नाहीत त्यांना रोज ठरल्या वेळी उठवायचं. हात बाजूने, पंखांच्या खालून घाला. लगेच उचलू नका. तिने पंखाखाली किंवा पायांत एखादं अंडं धरलेलं असतं, आधी पंख थोडा वर करून ते खाली उतरू द्या, मग दोन्ही हातांनी उचला. जमिनीवर ठेवली की ती मिनिट-दोन मिनिटं तशीच पसरून बसून राहते, जणू अंडी खालीच आहेत. तिला ढकलू नका. चार दाणे समोर टाका. ती मान वर करते, उभी राहते, पिसं झाडते आणि मग भली मोठी, अतिशय दुर्गंधी शी टाकते. ही शी बघून घाबरायचं कारण नाही. दिवसभर धरून ठेवलेली असते, म्हणून ती एवढी मोठी आणि वासाची.

हिवाळ्यात १०-१५ मिनिटं, एरवी २० आणि उन्हाळ्यात अर्धा तास ती बाहेर राहिली तरी अंड्यांचं काही बिघडत नाही. गर्भाला हा गारवा सोसतो. पाऊण तास झाला तरी ती परत जात नसेल तर आणून बसवा. सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी रात्री बॅटरीवर अंडी बघून वांझ आणि मेलेली काढा. कुजलेलं अंडं खाली फुटलं तर सगळी टोपली आणि कोंबडीचं पोट त्या घाणीने भरतं. अंडी कमी झाली की कोंबडीचं कामही हलकं होतं.

टोपलीबद्दल थोडं. ३५-४० सेंटिमीटर रुंद, तळाला ओलसर मातीचा चार बोटं थर, त्यावर भाताचा पेंढा. लोखंडी घमेलं शक्यतो नको, उन्हात तापतं आणि पावसात गार पडतं. सुतळी, दोरे, कापसाच्या गाठी आत असू नयेत, नखांत अडकून पाय आवळला जातो. नखं फार वाढलेली असतील तर आधीच टोकं कापा, ती अंडी फोडतात. टोपली उंचावर ठेवू नका. उडी मारून उतरताना तळपायाला मार लागतो आणि तिथे पुवाची गाठ धरते.

ऊन आणि पाऊस

कोंबडी बसवायचा उत्तम काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो तेव्हा बसलेली कोंबडी चोच उघडून धापा टाकते, पंख पसरते, अंड्यांवर उभी राहते. तिच्या अंगातलं पाणी झपाट्याने जातं. बसवायचीच असेल तर जागा सावलीची, वारा खेळणारी. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून पाणी मारा. ओलं पोतं भिंतीला टांगा, टोपलीवर टाकू नका. सकाळी सातच्या आत आणि सूर्य कलल्यावर असं दोनदा उठवा. दुपारी लिटरभर पाण्यात २० ग्रॅम गूळ आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून ते ठेवा, संध्याकाळी उरलेलं ओतून साधं पाणी भरा. गुळाचं पाणी रात्रभर राहिलं तर आंबतं.

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर अडचण उलटी. पेंढा ओलावा धरतो, बुरशी येते, आणि त्या बुरशीचे कण श्वासात गेले की कोंबडीला आणि पिल्लांनाही फुप्फुसाचा आजार होतो. दर आठवड्याला, ती बाहेर असताना, वरचा पेंढा बदला. लोळायची पाटी छपराखाली आणा.

कधी काळजी करायची

तुरा फिका आहे एवढ्याने घाबरू नका, खुडूक कोंबडीचा तो पडतोच. चोच उघडून तोंडाच्या आतला भाग आणि डोळ्याची खालची पापणी बघा. ती गुलाबी असेल तर ठीक. पांढरीफटक असेल तर रक्त कमी झालंय, त्याच रात्री पिसवा शोधा. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी दाण्यांनी भरलेली आणि सकाळी रिकामी असावी. सकाळीही ती घट्ट, फुगलेली असेल तर गवताचा बोळा अडकलाय. तोंडाला आंबट वास येत असेल तर आत आंबतंय. दोन्हीत पशुवैद्यकाला दाखवा. शीत रक्त, हिरवीगार पाण्यासारखी शी, मान वाकडी होणं, घशात घरघर, यातलं काही दिसलं तर अंडी महत्त्वाची नाहीत. ती कोंबडी लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा. शेपटीखाली शी चिकटून खपली धरली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा, कापडाने टिपून पूर्ण कोरडी करा आणि मगच बसवा.

शेवटचे तीन दिवस आणि पुढे

अठराव्या दिवसापर्यंत तिला नीट खाऊ घातलेलं असावं, कारण नंतर ती उठत नाही. अंड्यातून पिल्लांचा आवाज येऊ लागतो, ती हळू आवाजात त्यांना उत्तर देते आणि एकदाही टोपली सोडत नाही. या वेळी ओढून काढू नका, टोपलीत आर्द्रता आणि ऊब दोन्ही टिकायला हवी. पाण्याची वाटी तिच्या चोचीसमोर धरा, पिईल तेवढं पिऊ द्या, तळहातावर चार दाणे द्या. तेवढं पुरतं.

पिल्लं फुटल्यावर पहिला दिवस त्यांना पोटातला बलक पुरतो. आईला मात्र त्याच दिवशी खाणं हवं असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढा, टोपली-पेंढा जाळा, आणि आई व पिल्लं दोघांनाही पिल्लांचं स्टार्टर द्या, २० ते २२ टक्के प्रथिनांचं. यात आईचंही भलं आहे, तिची झीज त्यानेच भरून निघते. घरच्या दाण्यावर ठेवायची असेल तर तिचं ताट तिच्या पाठीएवढ्या उंचीवर टांगा आणि पिल्लांचं खाद्य दोन-तीन बोटांच्या फटी असलेल्या डालग्याखाली ठेवा, म्हणजे पिल्लं आत जातात, आई जाऊ शकत नाही. नाहीतर पहिल्या आठवड्यात आई 'कुट कुट' करून दाणे पिल्लांसमोर टाकत राहते आणि स्वतः सगळ्यांत शेवटी खाते. पाण्याचं भांडं उथळ, आत खडे घातलेलं. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकून घ्या. जागा कोरडी ठेवा. रक्ती हगवणीचे जंतू आई अंगात काही न दिसता बाळगून असते आणि ओल्या जमिनीवर ते पिल्लांना गाठतात.

सहा ते आठ आठवड्यांनी पिल्लं वेगळी करा. परसात बऱ्याच जणी तीन-तीन महिने पिल्लं घेऊन हिंडतात, त्यात त्यांचं एक वेत बुडतं. पिल्लं वेगळी केली की शिंपल्याचा चुरा आणि लेयर खाद्य सुरू करा. पिल्लं निघाल्या निघाल्या दुसरी अंडी तिच्याच खाली सरकवून सलग ४२ दिवस बसवण्याचा प्रकार मात्र करू नका. अशा कोंबड्या बसल्या जागी मेलेल्या सापडतात.

बसवायची नसेल तर

खुडूकपणा मोडायला तिला पाण्यात बुचकळणं, नाकपुडीतून पीस आरपार घालणं, उपाशी बांधून ठेवणं हे प्रकार अजून चालतात. ते थांबले पाहिजेत. नाकातल्या जखमेत जंतू शिरतात, उपाशी ठेवल्याने अंडी आणखी लांबतात. तिला गरज असते ती पोटाखालची ऊब तुटण्याची. जाळीच्या किंवा काठ्यांच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून दोन-तीन फूट उंच टांगा, आत पेंढा-पोतं काही नको, खालून वारा लागू द्या, आणि पाणी व १६ टक्के प्रथिनांचं खाद्य भरपूर ठेवा. जागा उजेडाची असावी आणि बाकीच्या कोंबड्या तिला दिसत असाव्यात. खुडूक झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच पिंजऱ्यात घातलेली कोंबडी तीन-चार दिवसांत मोकळी होते, उशीर झाला तर आठवडाही लागतो. चौथ्या दिवशी सोडून बघा. सरळ टोपलीकडे पळाली तर आणखी दोन दिवस आत. इतरांबरोबर उकरायला लागली तर काम झालं, दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालते.